तकलादू, विटका, डागी, डुप्लिकेट... सप्लायरला इंग्रजीत नेमकं काय लिहायचं?

पिशवीवाली_सांगली

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय, जाणकारांनी मदत करा. माझं सांगलीत कापडी पिशव्या शिवायचं छोटं युनिट आहे, टोट बॅग, टिफिन बॅग, दिवाळीच्या आधी कंपन्यांच्या गिफ्टच्या ऑर्डरी असतात. यावेळी कॅनव्हास आणि वरचं सगळं सामान (चेन, रनर, डी रिंग, बकल) परराज्यातल्या एका सप्लायरकडून मागवलं. सॅम्पल बघून ऑर्डर दिली होती आणि सॅम्पल खरंच छान होतं, पण आता जो माल आलाय तो बघून डोक्याला हात लावला. फोन केला तर म्हणाले मॅडम जे काय असेल ते ईमेलवर इंग्लिशमध्ये डिटेलमध्ये लिहून पाठवा, क्वालिटीवाले बघतील आणि कळवतील.

मराठीत शब्दांची काही कमी नाही. तकलादू, भंगार, टुकार, हलका, विटका, डागी, फुसका, आणि यातला कुठला शब्द कशाला लावायचा हे आपल्याला न सांगता कळतं, विटक्या कापडाला कोणी तकलादू म्हणणार नाही. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र बॅड क्वालिटी, पुअर क्वालिटी आणि डुप्लिकेट, याच्यापुढे काही सुचत नाही.

काय काय झालंय ते सांगते. कापड 10 औंसचं ठरलं होतं, म्हणजे साधारण 340 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). हाताला पातळ लागलं म्हणून ओळखीच्या प्रोसेसवाल्यांकडे नेऊन तीन ताग्यांतून जीएसएम कटरने गोल चकत्या कापून घेतल्या. त्या कटरची चकती बरोबर 100 चौरस सेंटीमीटरची असते, ग्रॅममधल्या वजनाला 100 ने गुणलं की झाला जीएसएम. वजनं आली 3.02, 3.05 आणि 2.99. म्हणजे माल 300 च्या आसपासचा आहे. मग दोन ताग्यांत दर थोड्या अंतरावर एक आडवी रेघ दिसते, विणतानाच काहीतरी झालंय. काळं आणि मरून कापड पांढऱ्या रुमालाने कोरडंच घासलं तरी रुमालाला रंग लागतो. चेन ओढली की रनर पुढे जातो पण मागचे दाते परत उघडे पडतात. डी रिंगवरचं सोनेरी पॉलिश नखाने खरवडलं तरी पापुद्रा निघतो. एक खोका बहुतेक गाडीत दबलाय, त्यातली बकलं मोडलीत. आणि त्या बकलांवर एका नावाजलेल्या ब्रँडचं नाव आहे पण मी तीच बकलं आधी वापरलीत, ही ती नाहीत, अक्षरंसुद्धा वेगळी आहेत.

एवढ्या सगळ्याला एकच बॅड क्वालिटी लिहून पाठवलं तर समोरून एकच गोल उत्तर येणार हे दिसतंय. कशाला काय म्हणायचं सांगाल का? पैसे बरेच अडकलेत.

---

शिरोलीचा_क्यूए

ताई, मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, कापडातलं मला फार कळत नाही पण तक्रारीचे ईमेल रोज वाचतो आणि लिहितो त्यामुळे सांगतो.

आमच्याकडे परदेशातल्या कस्टमरचं कम्प्लेंट आलं तर त्यात पुअर क्वालिटी हा शब्द जवळजवळ नसतोच. तो लिहितो ब्लो होल, अमुक फेसवर, इतक्या मिलीमीटरचं, इतक्या नगांपैकी इतक्यांत, ड्रॉइंगप्रमाणे इथे चालत नाही. प्रत्येक दोषाला नाव आहे. गॅस अडकून पोकळी झाली तर ब्लो होल, धातू थंड होताना आकसून पोकळी झाली तर श्रिंकेज, दोन प्रवाह नीट मिसळले नाहीत तर कोल्ड शट, साचा सरकला तर मिसमॅच. नाव वाचल्यावर आमच्या माणसाला लगेच कळतं की वाळूकडे बघायचं का ओतायच्या टेंपरेचरकडे. वाईट आहे वाईट आहे असं कितीही वेळा लिहिलं तरी त्यातून कुठे बघायचं ते कळत नाही आणि मग तो ईमेल तसाच पडून राहतो. म्हणून विशेषणाच्या मागे जास्त लागू नका, दोषाचं नाव, कुठे आहे, किती आहे, आणि काय ठरलं होतं हे चार आले पाहिजेत.

तुमच्या जीएसएमचं अगदी सोपं आहे. ते कापड डिफेक्टिव्ह म्हणण्यापेक्षा अंडरवेट किंवा बिलो स्पेसिफिकेशन म्हणा. ठरलं 340, मिळालं सरासरी 302, म्हणजे सुमारे 11 टक्के कमी. कापडात साधारण 5 टक्के वरखाली धरतात असं ऐकून आहे, तुमच्या पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) टॉलरन्स लिहिला असेल तर तोच आकडा टाका.

आमच्यात दोषाचे तीन वर्ग करतात, क्रिटिकल, मेजर आणि मायनर. क्रिटिकल म्हणजे वापरणाऱ्याला इजा होऊ शकते किंवा कायद्यात बसत नाही. मेजर म्हणजे वस्तू तिचं काम करणार नाही किंवा गिऱ्हाईक परत आणून देईल. मायनर म्हणजे दिसायला खटकतं पण काम चालतं. एक्सपोर्टमध्ये सॅम्पल तपासताना मेजरला 2.5 आणि मायनरला 4.0 एक्यूएल (किती टक्के दोष चालवून घ्यायचे ती मर्यादा) बऱ्याच ठिकाणी लावतात, क्रिटिकल एकही चालत नाही. तुमची चेन मेजर, रंग जाणं मेजर, आडवी रेघ कुठे येते त्यावर, पिशवीच्या समोरच येत असेल तर तीही मेजरच.

आणि एक, डिफेक्ट हा शब्द जपून वापरा, आम्हाला ट्रेनिंगमध्ये नॉनकन्फॉर्मिटी लिहायला सांगतात. आयएसओ 9000 मध्ये दोन्हींची व्याख्या वेगळी आहे. ठरलेली गरज पूर्ण झाली नाही की नॉनकन्फॉर्मिटी, आणि ती गरज वापराशी संबंधित असेल तर डिफेक्ट. या फरकाला कायदेशीर अर्थ आहे असं त्या स्टँडर्डमध्येच टीप देऊन लिहिलंय.

---

यॉर्कशायरची_वैदर्भी

विषय माझ्या जिव्हाळ्याचा निघाला. मी मूळची यवतमाळची, बरीच वर्षं वेस्ट यॉर्कशायरमध्ये आहे, बॅटली आणि ड्यूजबरीच्या पट्ट्यात. शॉडी हा शब्द याच भागाचा. 1813 च्या सुमाराला बॅटलीच्या बेंजामिन लॉ यांनी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यात थोडी नवी लोकर मिसळून सूत काढायची पद्धत बसवली, त्या कापडाचं नाव शॉडी. तेव्हा त्यात वाईट अर्थ नव्हता, गरिबाला परवडणारं ऊबदार कापड होतं आणि त्यावर ही गावंच्या गावं जगली. पुढे 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, घाईघाईत सैनिकांचे गणवेश शिवले गेले, कंत्राटदारांनी अशा कापडाचे इतके कच्चे गणवेश दिले की ते पावसात आणि चालण्यात फाटून गेले, तेव्हापासून शॉडी म्हणजे वरवर बरं दिसणारं पण हलक्या हाताने केलेलं काम, हा अर्थ सगळीकडे पसरला. कामगारांच्या मेहनतीच्या वस्तूचं नाव असं बदनाम व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण ताई, तुमच्यासाठी मुद्दा हा की कापडाच्या धंद्यातल्या माणसाला शॉडी लिहू नका! हा उद्योग आज पानिपतला आहे, जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे येतात, त्याचं सूत आणि ब्लँकेटं होतात आणि तिथे शॉडी यार्न हा रोजचा साधा शब्द आहे. तुम्ही शॉडी म्हणाल आणि समोरचा म्हणेल आम्ही तर कॉटन पाठवलंय. शॉडी वर्कमनशिप असं लिहिलं तर चालेल, म्हणजे शिलाई, बांधणी, फिनिशिंग याबद्दल.

बाकीच्यांचं सांगते. तकलादूला सगळ्यात जवळ फ्लिम्झी, म्हणजे पातळ, हलकं, जोर लावला की जाणारं. तुमच्या पातळ कॅनव्हासला हा चालेल. ठिसूळला ब्रिटल, वाकायच्या जागी तुटतं ते, प्लॅस्टिकच्या बकलांना लागू. खिळखिळ्याला रिकेटी पण तो टेबल, खुर्ची, शिडी, जिना यांना, पिशवीला नाही. शॅबी म्हणजे वापरून वापरून कळकट झालेलं आणि थ्रेडबेअर म्हणजे झिजून धागे दिसायला लागलेलं, हे दोन्ही जुन्या वस्तूचे शब्द आहेत, नव्या कोऱ्या मालाला शॅबी लिहिलं की वाचणारा गोंधळतो. टॅकी म्हणजे भडक आणि हलक्या रुचीचं, तो रुचीचा शब्द झाला, त्याने दोष सिद्ध होत नाही. जेरी-बिल्ट बांधकामाला, बॉच्ड हा करताना वाट लावलेल्या कामाला (प्लंबर येऊन गेल्यावर हा शब्द इथे फार ऐकू येतो).

इथे बोलताना लोक डॉजी, रोपी, नॅफ, वाँकी, चीप अँड नॅस्टी असं सर्रास म्हणतात. दुकानात जाऊन हे मशीन जरा डॉजी आहे म्हटलं तर चालतं, लिहिताना मात्र फॉल्टी. इंग्लंडमध्ये गिऱ्हाइकाचा शब्द फॉल्टी हाच आहे, फॉल्टी गुड्स. चीप मात्र लिहूच नका, त्यात स्वस्त आणि हलका दोन्ही अर्थ येतात, सप्लायर म्हणेल स्वस्त हवं म्हणूनच तर घेतलंत.

---

इचल_लूम

आडव्या रेघेबद्दल सांगतो, आमचे इचलकरंजीत लूम आहेत. रेघ एकदम बारीक फटीसारखी असेल आणि तिथे कापड उजेडात धरल्यावर पारदर्शक दिसत असेल तर ती आडव्या धाग्याची, म्हणजे पिकची भानगड. मिसिंग पिक किंवा ब्रोकन पिक. जाड दाट पट्टी असेल आणि लूम बंद पडून परत सुरू केल्यासारखी वाटत असेल तर स्टार्टिंग मार्क म्हणतात. उभी रेघ असती तर ताण्याकडचा दोष, मिसिंग एंड किंवा रीड मार्क. तुम्ही आडवी म्हणताय आणि दर ठराविक अंतरावर म्हणताय म्हणजे एकच कारण परत परत येतंय, हे नक्की लिहा. त्याला रिपीटिंग डिफेक्ट म्हणतात. एखादा दोष कुठेतरी सुटून जातो हे सगळेच समजून घेतात पण रिपीट होतोय म्हणजे तपासणाऱ्याने तागा उलगडूनच बघितलेला नाही.

फोर पॉइंट सिस्टिम सप्लायरला माहीत असणारच. दोषाच्या लांबीप्रमाणे 1 ते 4 गुण, 3 इंचापर्यंत 1, 6 पर्यंत 2, 9 पर्यंत 3, त्यापुढे 4, आणि एका यार्डात कितीही दोष असले तरी 4 च्या वर धरत नाहीत. 100 चौरस यार्डाला 40 च्या वर गेलं तर तागा बऱ्याच ठिकाणी पास करत नाहीत. एखादा तागा टेबलवर उलगडून मोजा आणि तो आकडा टाका, मग तो वाद घालायला येणार नाही. उजेड पाठीमागून पडेल असं बघा, खिडकीवर लटकवलं तरी चालतं.

रंगाचं पण, घासून निघतो त्याला क्रॉकिंग, धुताना पाण्यात निघतो त्याला ब्लीडिंग, उन्हाने उडतो त्याला फेडिंग. तिन्हींची कारणं वेगळी. तुमचं क्रॉकिंग आहे. लॅबमध्ये हीच टेस्ट पांढरं कापड घासून करतात, कोरडं आणि ओलं दोन्ही, आणि 1 ते 5 ग्रेड देतात, 5 म्हणजे अजिबात डाग नाही. गडद रंगात ओल्याचा ग्रेड थोडा खाली येतोच पण कोरडंच घासून रुमाल काळा होत असेल तर धुलाई अर्धवट सोडलीय, वरचा सुटा रंग काढलेलाच नाही.

---

न्यूजर्सी_नाशिक

यात लेमन राहिला. अमेरिकेत घेतल्या घेतल्या सारखी बिघडणारी गाडी म्हणजे लेमन, आणि त्यावर राज्याराज्यांत लेमन लॉ आहेत, पहिला कनेक्टिकटने 1982 मध्ये केला. जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 चा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा गाजलेला लेख याच शब्दावर आहे, 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना (दोघांबरोबर वाटून) मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की विकणाऱ्याला माल आतून कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा सगळ्यालाच कमी भाव द्यायला लागतो, आणि त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही म्हणून चांगले विक्रेते बाजारातून निघून जातात. ताईंच्या सॅम्पल एक आणि माल दुसरा या प्रकरणात मला हेच दिसतं, आणि म्हणून अशी तक्रार नीट लिहून लावून धरणं गरजेचं आहे असं मला वाटतं, सोडून दिलं तर प्रामाणिक सप्लायरचंच नुकसान.

पण हा शब्द गाडीला नाहीतर मशीनला, कापडाला लेमन म्हणत नाहीत.

दुसरं डुप्लिकेट. आपल्याकडे डुप्लिकेट म्हणजे नकली हे सगळ्यांना कळतं, समोरचा भारतातलाच आहे त्यामुळे त्यालाही कळेल, पण भारताबाहेर डुप्लिकेट म्हणजे फक्त दुसरी प्रत. डुप्लिकेट चावी. इकडे डुप्लिकेट पार्ट्स आले म्हटलं तर समजतील एकाच्या जागी दोन पाठवले. बकलांना काउंटरफिट हा शब्द आहे.

---

औषधवाले_काका

काउंटरफिटवरून लिहितो. माझं मेडिकल आहे, आमच्या धंद्यात या शब्दांचा घोळ केला तर माणसाच्या जिवाशी खेळ होतो म्हणून कायद्याने प्रत्येकाला वेगळी व्याख्या दिलेली आहे. 1940 च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यात मिसब्रँडेड, अडल्टरेटेड आणि स्प्युरिअस अशी तीन कलमं लागोपाठ आहेत. लेबल खोटं किंवा चुकीचं असेल तर मिसब्रँडेड, घाणीत बनवलेलं किंवा भेसळीचं असेल तर अडल्टरेटेड, दुसऱ्याच्या नावाने किंवा नसलेल्या कंपनीच्या नावाने विकलं तर स्प्युरिअस. आणि सरकारच्या औषध नियंत्रकांच्या मासिक यादीत येतं ते नॉट ऑफ स्टँडर्ड क्वालिटी, आम्ही एनएसक्यू म्हणतो. म्हणजे कंपनी खरी, लायसन खरं, पण ती बॅच टेस्टमध्ये बसली नाही.

पेपरात हे सगळं सरसकट 'बनावट औषधं' म्हणून छापून येतं तेव्हा मला फार राग येतो. एनएसक्यू बॅच निघालेली कंपनी आणि घराच्या मागे गोळ्या पाडणारा टोळीवाला एक नव्हेत, पहिल्याला आपला कारखाना सुधारावा लागतो आणि दुसऱ्याला आत टाकावं लागतं. पेशंट मात्र बातमी वाचून आपली चालू असलेली बीपीची गोळी बंद करून मोकळा होतो.

तेव्हा ताई, चेन आणि कापड सबस्टँडर्ड लिहा, बकलं काउंटरफिट. दोन्ही एका वाक्यात मिसळू नका.

---

ॲड_पुणे

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. मी वकिली बाजूने भर घालते आणि एका ठिकाणी शिरोलीच्या दादांशी माझं जमत नाही तेही सांगते.

दादा, नॉनकन्फॉर्मिटी लिहा आणि डिफेक्ट टाळा हा सल्ला माल बनवणाऱ्याचा आहे. तुमची कंपनी स्वतःच्या मालाबद्दल लिहिते तेव्हा ते बरोबर, स्वतःच्या कागदावर डिफेक्ट लिहून ठेवलं तर उद्या तोच कागद कोर्टात तुमच्याविरुद्ध उभा राहील. पिशवीवाली ताई घेणाऱ्या आहेत. त्यांनी डिफेक्टिव्ह बिनधास्त लिहावं, जिथे तो लागू आहे तिथे.

आणि लागू कुठे आहे, हाच सगळा प्रश्न आहे, कारण यातला प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतो. डॅमेज्ड म्हटलं की वाट्टेल तो सप्लायर म्हणणार ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, आमच्याकडून नीट गेलं होतं. डिफेक्टिव्ह म्हटलं की बनवण्यातच खोट आहे, म्हणजे जबाबदारी मागे जाते. नॉट ॲज पर सॅम्पल किंवा नॉट ॲज डिस्क्राइब्ड म्हटलं की माल कदाचित स्वतःपुरता ठीक असेल पण ठरलेला नाही, ही जबाबदारी सरळ विकणाऱ्याची. काउंटरफिट हा तर आरोप आहे, तो करताना अपिअर टू बी काउंटरफिट असं लिहायचं आणि सोबत अस्सल बकलाचा आणि आलेल्या बकलाचा शेजारी शेजारी ठेवून फोटो. म्हणून दबलेल्या खोक्याचं ईमेल स्वतंत्र पाठवा, बाकीच्यात मिसळलंत तर ते सगळ्याच तक्रारी ट्रान्सपोर्टच्या खात्यात घालतील, हे मी अनेक केसेसमध्ये बघितलंय.

तुमचं सगळ्यात भक्कम वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, सॅम्पल बघून ऑर्डर दिली होती. 1930 च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये कलम 17 आहे, नमुन्यावरून विक्री असेल तर सगळा माल नमुन्यासारखा असणं ही अटच असते. वर्णनावरून विक्रीचं कलम 15, तुमचं 10 औंस त्यात येतं. कलम 16 मध्ये मर्चंटेबल क्वालिटी हा शब्दप्रयोग आहे, म्हणजे बाजारात त्या नावाने विकण्यालायक. इंग्लंडने 1994 मध्ये तो बदलून सॅटिस्फॅक्टरी क्वालिटी केला, आपल्याकडे अजून तोच आहे, त्यामुळे दाते उघडणाऱ्या चेनला नॉट ऑफ मर्चंटेबल क्वालिटी असं बिनदिक्कत लिहा. ही इंग्रजी जुनाट वाटेल पण वाचणाऱ्याला कळेल की यांना कलम माहीत आहे.

ग्राहक आयोगाचं कोणीतरी विचारेलच. 2019 च्या कायद्यात वस्तूत डिफेक्ट आणि सेवेत डेफिशियन्सी असे दोन वेगळे शब्द आहेत. पण धंद्यासाठी घेतलेला माल त्यात येत नाही, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर येतो. ताईंच्या युनिटला ते लागू होईल की नाही हे किती माणसं कामाला आहेत, उलाढाल किती यावर ठरेल, कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही.

सॅम्पल जपून ठेवलंय ना? आणि कापड कापायला घेतलेलं नाही ना?

---

पिशवीवाली_सांगली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. इचलवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे खिडकीवर धरून बघितलं, रेघेतून उजेड दिसतो, म्हणजे पिकच. वैदर्भी ताई, शॉडीचं आधी कळलं ते बरं झालं.

ॲडव्होकेट ताई, सॅम्पल आहे, त्यावर त्यांच्याच कंपनीचं स्टिकर आणि तारीख आहे. कापड कापलेलं नाही, फक्त चकत्या काढल्यात. कापडाचं बिल वेगळं आणि फिटिंगचं वेगळं आहे.

असं लिहिलंय, बघा जमतंय का. ईमेल 1, विषय कॅनव्हास नॉट ॲज पर ॲप्रूव्हड सॅम्पल. फॅब्रिक अंडरवेट, ऑर्डर्ड 340 जीएसएम, रिसीव्हड ॲव्हरेज 302, तिन्ही वजनांचे फोटो. रिपीटिंग मिसिंग पिक दोन रोलमध्ये, रोल नंबर. पुअर रबिंग फास्टनेस, ब्लॅक अँड मरून, ड्राय क्रॉकिंग व्हिजिबल, रुमालाचा फोटो. ईमेल 2, फिटिंग. झिपर चेन ओपन्स बिहाइंड द रनर. प्लेटिंग पील्स ऑफ. बकल्स अपिअर टू बी काउंटरफिट. ईमेल 3, वन कार्टन डॅमेज्ड इन ट्रान्झिट. शेवटी तिन्हींत काइंडली डू द नीडफुल.

---

यॉर्कशायरची_वैदर्भी

झकास झालंय! रनरच्या जागी स्लायडर लिहिलं तर कुठेही कळेल पण भारतातल्या सप्लायरला रनर पुरे. चेन बिहाइंड द रनर उघडते ती किती नगांत तेवढं टाका, 50 चेन घेऊन प्रत्येक दहादा ओढून बघा आणि किती उघडल्या ते लिहा. पुअर रबिंग फास्टनेस हा पुअर मात्र राहू द्या, तिथे तो नेमका आहे.

---

ॲड_पुणे

तपासणीपुरतं कापलंत ते चालतं, माल तपासायचा हक्क कलम 41 ने तुम्हाला आहेच. बाकी एकही तागा टेबलवर घेऊ नका, कितीही घाई असली तरी. कलम 42 प्रमाणे माल वापरायला घेतला किंवा नाकारतो असं न कळवता बरेच दिवस ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरतात, आणि मग परत पाठवायचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई मागता येते. बिलं वेगळी आहेत ते चांगलं झालं, फिटिंगचा निकाल काहीही लागला तरी कापड स्वतंत्र नाकारता येईल असं म्हणायला जागा आहे.

काइंडली डू द नीडफुल काढा. त्याजागी काय हवं ते लिहा. कॅनव्हाससाठी वी रिजेक्ट द गुड्स, अमुक तारखेपर्यंत बदलून द्या नाहीतर पैसे परत. रिजेक्ट हा शब्द त्यात असलाच पाहिजे, वी आर नॉट सॅटिस्फाइड याने काही होत नाही. फिटिंगमध्ये चेन आणि रिंग बदलून, बकलं पूर्ण परत. तिसऱ्या ईमेलला ट्रान्सपोर्टच्या पावतीवर तुम्ही माल घेताना खोका दबल्याचा शेरा मारला असेल तर तिचा फोटो जोडा. पहिलं ईमेल आज रात्रीच जाऊ द्या, 50 चेन उद्या ओढा, फिटिंगचं ईमेल उद्या गेलं तरी चालेल.